घोडनवऱ्याची दुर्बीण

डॉ. माधव दातारांशी माझी ओळख झाली ती त्यांनी माझ्या हातातून माझाच चष्मा हिसकावून घेतला म्हणून. ब्रिस्टलमधल्या मराठी मंडळींचा गणपती होता, एका शाळेच्या हॉलमध्ये. मी पुण्याहून येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. हातात मोदकाची कागदी प्लेट धरून मी भिंतीला टेकून उभी होते. चष्म्यावर तुपाचा थेंब उडाला, म्हणून ओढणीचं टोक धरून पुसायला घेतला, तेवढ्यात कुणीतरी "अगं अगं अगं!" करून ओरडलं. मला वाटलं, पायाखाली नैवेद्य आला. बघते तर एक उंच, किंचित वाकलेले, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ समोर उभे, आणि चष्मा त्यांच्या हातात.

"ओढणीने काच पुसतेस? त्यापेक्षा सँडपेपर घे!" असं म्हणून त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक छोटी बाटली काढली, घडी केलेलं पिवळं फडकं काढलं, आणि समोर आरती चालू असताना माझा चष्मा साग्रसंगीत साफ करून परत नाकावर चढवला. चढवताना कानामागे नीट बसला का, तेही पाहिलं. "आता बघ."

मी पाहिलं. गणपतीच्या मुकुटावरचा एकेक मणी सुटा दिसत होता. तीन आठवडे मी इंग्लंडला उगीचच धुकट समजत होते.

दातारकाका डोळ्यांचे सर्जन. आडनाव दातार आणि काम डोळ्यांचं, हा विनोद त्यांना प्रत्येक नवीन मराठी माणूस ऐकवायचा आणि ते प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे. मिरजेहून शिकून आले होते, तीसेक वर्षं तिथल्या हॉस्पिटलमध्ये काढली होती, आणि मी भेटले तेव्हा आठवड्यातून दोनच दिवस जात होते. ही गोष्ट मोबाइलवर अजून बटणं होती आणि घरी फोन करायला कोपऱ्यावरच्या दुकानातून कॉलिंग कार्ड आणावं लागे, तेव्हाची.

त्यांची एक खोड होती, बोलताना ते माणसाच्या डोळ्यांकडे नाही, डोळ्यांत बघायचे. तुम्ही घरभाड्याचं रडगाणं गात असलात तरी ते तुमच्या बुबुळाची पाहणी करत असत. मध्येच म्हणत, "डावा डोळा जास्त कोरडा आहे तुझा. पाणी पी." आणि मग, "हां, मग काय म्हणाला घरमालक?" त्यांच्याबरोबर गाडीतून जायचं म्हणजे जिवावरचं काम होतं, कारण त्यांना रस्ता सोडून सगळं दिसे. उषाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला पहिल्याच भेटीत बाजूला घेऊन म्हणाल्या, "यांच्याबरोबर कुठे गेलीस तर स्टिअरिंग तुझ्या हातात ठेव. ससाणा दिसला की हे मोटरवेवर ब्रेक मारतात."

मी विमानाचे सुटे भाग मोजण्याचं काम करते, हे कळल्यावर मात्र माझा भाव एकदम वधारला.

"मोजतेस? किती बारीक मोजतेस?"

"मिलिमीटरचा हजारावा भाग."

"मग रविवारी घरी ये. तुला माझी मंडळी दाखवतो."

मंडळी म्हणजे मुलंबाळं असतील असं मला वाटलं. मुलगा तर लंडनच्या एजवेअर भागात राहत होता, सून-नातवंडांसह. रविवारी गेले तर काकांनी मला काचेच्या सनरूममध्ये बसवलं, हातात पांढरे सुती हातमोजे दिले, आणि वरच्या छोट्या खोलीतून एकेक करून तीन रायफली आणून ब्लँकेटवर ठेवल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रायफली! लाकडी दस्ता, काळसर निळं पोलाद, आणि त्यातल्या दोघींच्या पाठीवर हातभर लांबीची दुर्बीण. माझा चेहरा पाहून काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "घाबरू नकोस गं! गोळी एकसुद्धा नाही घरात. लायसन्सवर लिहिलंय तसं. गोळ्या फक्त ब्लडप्रेशरच्या आहेत."

काकांनी समजावलं ते असं. त्या काळी कारखान्यातून साध्या रायफली ढिगाने बाहेर पडत. त्यांतली जी नेम तपासताना विशेष अचूक ठरे, तिला बाजूला काढून तिच्यावर दुर्बीण चढवत. पण दुर्बीण म्हणजे टोपी नव्हे, कुणाचीही कुणाच्याही डोक्यावर घालायला. कारागीर ती एकाच बंदुकीच्या मापाने घासून घासून बसवी, आणि दुर्बिणीचा आकडा त्या बंदुकीच्या पाठीवरच्या पोलादी बैठकीवर कोरी. युद्ध संपलं आणि जोड्या फुटल्या. बंदुका वितळवल्या गेल्या, दुर्बिणी शिपायांनी सामानात घालून घरोघरी नेल्या. त्यामुळे आकडे जुळणारी मूळची जोडी सापडणं फार मुश्किलीचं. भेसळीच्या जोड्या हव्या तेवढ्या.

"पत्रिका जुळली पाहिजे," काका म्हणाले. "नुसतं रूप बघून भागत नाही." पहिल्या दोघींवर हात ठेवून म्हणाले, "या दोघांची लग्नं झाली आहेत. आणि हा" – तिसरीच्या उघड्या पाठीवर थोपटत – "हा घोडनवरा. तेरा वर्षं स्थळं बघतोय याच्यासाठी."

त्यासाठी त्यांनी एक वही ठेवली होती. शनिवारी-रविवारी कुठे जुन्या शस्त्रांचा बाजार भरला की काका वही, भिंग आणि काकूंनी दिलेला पोळीभाजीचा डबा घेऊन जात. हाती येईल त्या दुर्बिणीचा आकडा, कुणाची, कुठल्या गावची, काच कशी, सगळं टिपून घेत. घोडनवऱ्याच्या बैठकीवर आकडा होता ५३१६. घासला गेलेला होता, पण काकांना तो पाठ होता. आपल्याकडे वधूवरसूचक मंडळात असतात तशी ती वही होती, शेरेसुद्धा तसेच. "काच उत्तम, पण मागे एकदा पडलेली." "अपेक्षा फार."

मी त्यांना विचारलं, इतक्या वस्तू असताना हीच का? त्यांनी एका रायफलीची दुर्बीण उतरवली आणि माझ्या हातात दिली. समोरच्या टेकडीवर चर्च होतं. मी डोळा लावला आणि चर्चच्या घड्याळाचा मिनिटकाटा सरकताना मला दिसला. साठ वर्षं जुन्या काचेतून! त्या काट्यावर गंज होता, आणि गंजावर एक कोळी होता.

"मी आयुष्यभर काचा बघितल्या," काका म्हणाले. "अशी कमी बघितली. कुणीतरी बसून हाताने घासलीय ती. त्याला गुरू मानतो मी."

मात्र ते भाबडे नव्हते. एकदा मंडळातलं एक जोडपं त्यांच्याकडे पोह्यांना आलं होतं. त्यांची बारा वर्षांची मुलगी तिथेच जन्मलेली, शाळेत युद्धाचा धडा नुकताच झालेला. तिने रायफलीवरचा गरुडाचा छाप पाहिला आणि सरळ विचारलं, "काका, हा गन नाझी लोकांचा आहे ना? देन व्हाय डू यू कीप इट? तुला हॉरिबल नाही वाटते?" आईने तिला चिमटा काढला. काकांनी आईला हातानेच थांबवलं आणि पोरीपुढे खाली बसले.

"वाटतं. यू आर राइट," ते म्हणाले. "काच बघायसाठी असते. ती बंदुकीवर बसवली, हा माणसांचा गुन्हा. हिच्यातून ज्यांना पाहिलं गेलं, त्यांचे आकडे कुणी कुठे कोरले नाहीत. ते मला रोज आठवतं. म्हणून मी एक नियम केलाय. दुर्बीण बंदुकीवर असताना मी तिच्यातून कधी बघत नाही. उतरवायची, मग बघायचं."

"नेव्हर? नॉट वन्स?"

"नॉट वन्स."

मुलीला ते पटलेलं दिसलं. मला तर इतकं पटलं की त्या दिवसापासून मी त्यांच्या छंदाला हसणं सोडलं. म्हणजे मोठ्याने हसणं सोडलं.

पाच वर्षांनी लायसन्स नवं करायची वेळ आली, तेव्हा अर्जावर दोन जामीनदार मंडळी लागत. अर्जदाराला दोन वर्षं ओळखणारी आणि तो भला माणूस आहे असं लिहून देणारी. काकांनी त्यातलं एक माझं नाव घातलं. माझ्याकडे फॉर्म आला, त्यात प्रश्न होता, या व्यक्तीचा स्वभाव कसा आहे? मी लिहिलं, "अत्यंत शांत. मात्र कुणी कपड्याने चष्मा पुसला तर भडकतात." पुढे पोलिसांकडचे एन्क्वायरी ऑफिसर मला त्या वाक्याबद्दल फोन करतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी केला. मी पंधरा मिनिटं समजावत होते.

ते ऑफिसर घर तपासायला आले त्या दिवशी मीही होते. काकूंना सोबत हवी होती. भिंतीला बोल्टने आवळलेलं लोखंडी कपाट, त्याशेजारच्या फळीवर काकूंच्या लोणच्याच्या बरण्या, सगळं त्यांनी पाहिलं. मग सनरूममध्ये बसून त्यांनी काकूंना विचारलं, "मिसेस दातार, कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते तुम्हाला माहीत आहे का?"

कायदा असा की किल्ल्या फक्त लायसन्सवाल्याच्या ताब्यात. बायकोलासुद्धा जागा ठाऊक असता कामा नये. म्हणजे बरोबर उत्तर होतं, "नाही." पण मराठी गृहिणीला परक्या माणसासमोर घरातल्या किल्ल्या मला ठाऊक नाहीत हे कबूल करणं किती जड जातं, ते त्या ऑफिसरला कुठून कळणार? काकूंचा चेहरा लाल झाला.

"सर, थर्टी सिक्स इयर्स आय ॲम मॅरीड. बँक लॉकर, गाडी, गॅरेज, हिज मदर्स कपाट इन मिरज, एव्हरी की आय नो. ओन्ली धिस वन ही विल नॉट टेल. यू आस्क हिम व्हाय!"

"मॅडम," ऑफिसर म्हणाले, "दॅट्स द करेक्ट आन्सर." आणि त्यांनी बटाटेवड्याचा दुसरा तुकडा मोडला.

ते गेल्यावर मी काकूंना हळूच विचारलं, खरंच ठाऊक नाही? त्या भांडी विसळत म्हणाल्या, "शोधायच्या म्हटलं तर पाच मिनिटं लागतील गं. पण नाही शोधत. एवढी एक तरी गोष्ट त्यांची त्यांच्याकडे राहू दे."

काकूंची एकच अट होती. शस्त्रं घरात आहेत, तर खंडेनवमीला त्यांची पूजा झालीच पाहिजे. दरवर्षी काका तिन्ही रायफली स्वतः काढून, दुर्बिणी उतरवून, पाटावर मांडत. शेजारी काकूंची सुरी, शिलाईमशीन आणि काकांची ऑपरेशनची भिंगं. पण काकांचीही अट होती: फुलं चालतील, हळदकुंकू नाही. मूळच्या पोलादाला, मूळच्या लाकडाला डाग पडला तर वस्तूचं मूळपण गेलं. काकू दरवर्षी फक्त झेंडूची फुलं वाहत आणि दरवर्षी पुटपुटत, "कोरडी पूजा. विधवेसारखी ठेवली आहेत."

त्या वर्षी मी पूजेला होते. काका पाटाशी बसलेले, आणि आरती व्हायच्या आधीच हॉस्पिटलचा फोन आला. काका तिथेच, त्याच खोलीत, खिडकीकडे तोंड करून बोलू लागले. फोन लांबला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. काकूंनी करंगळीशेजारचं बोट ओल्या कुंकवात बुडवलं आणि तिघांच्याही पाठीवर, दुर्बीण बसते बरोबर तिथे, एकेक ठसठशीत टिळा लावला.

काका वळले. मी त्यांना तेवढं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं, म्हणजे ओढणीचा प्रसंग धरूनसुद्धा.

"उषा! अगं हे काय केलंस? साठ वर्षं कुणी बोट लावलं नाही या पोलादाला!"

"म्हणूनच लागत नाहीये त्याचं लग्न," काकू म्हणाल्या. त्यांना स्वतःची चूक कळली होती, म्हणूनच आवाज चढला होता.

काका धावत जाऊन तेल, कापूस आणि क्लिनिकचं डोक्याला बांधायचं भिंग घेऊन आले. आधी घोडनवरा घेतला. वरचं कुंकू अलगद टिपलं आणि भिंग खाली ओढून वाकले. वाकले ते वाकलेच. काकू रडवेल्या झाल्या. "डाग पडला का हो? अहो बोला ना!"

"शुभदा," काका म्हणाले, "तू मोजतेस ना? इकडे ये. मला एकट्याला खरं वाटत नाहीये. दुसरा आकडा वाच."

मी भिंग लावलं. वरचं पुसलं गेलं होतं, पण कोरलेल्या रेघांत कुंकू बसलं होतं. पाच. मग तीन असायला हवा होता. पण त्या इंग्रजी तीनच्या डाव्या अंगाला केसाएवढ्या दोन बारीक लाल कमानी दिसत होत्या. पोलाद तिथे इतकं झिजलं होतं की नुसत्या डोळ्यांना, भिंगालाही, काही दिसलं नसतं. कुंकवाला खाच सापडली होती.

"आठ," मी म्हणाले. "पाच हजार आठशे सोळा."

अठरा वर्षं ते चुकीच्या मुलीचा पत्ता शोधत होते.

काकांनी वही आणली. पानं मी उलटली. आठ वर्षांपूर्वीची नोंद सापडली. काकांच्याच अक्षरात: "५८१६. काच अप्रतिम. आर्थर पर्नेल, शेतकरी, सॉमरसेट. प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणली होती. आपली नव्हे." म्हणजे ती दुर्बीण त्यांनी स्वतःच्या हातात धरली होती, तिच्यातून पाहिलं होतं, कौतुक केलं होतं, आणि पत्रिका जुळत नाही म्हणून परत पाठवली होती.

काका खुर्चीत बसले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांनी काकूंचा कुंकवाने माखलेला हात धरला. काकूंनी तो सोडवून घेतला नाही.

पुढच्याच शनिवारी मी गाडी चालवत होते आणि काका शेजारी बसले होते. सॉमरसेटच्या सखल, पाणथळ शेतांमध्ये पर्नेलचं घर होतं. फोन आधीच झाला होता. पर्नेल ऐंशीच्या घरातला, टोपी घातलेला, दरवाजाची कडी चाचपून उघडणारा म्हातारा. स्वयंपाकघराच्या खिडकीत, जॅमच्या बरण्यांमध्ये, ती दुर्बीण उभी होती. थोरल्या भावाने युद्धावरून आणलेली. भाऊ गेल्यावर पर्नेल तिच्यातून शेतातले पक्षी बघायचा. हिवाळ्यात तिथे टिटव्यांचे थवे उतरत, तेवढंच त्याचं करमणुकीचं साधन.

"पण आता काही उपयोग नाही हो," तो म्हणाला. "चार-पाच वर्षं झाली, काच आतून धुरकट झाली. ओल शिरली असणार. तुम्हाला हवी तर घेऊन जा. पैसे नकोत. मी ती टाकूनच देणार होतो."

काकांनी दुर्बीण उचलली. बूड उलटं करून आकडा पाहिला. मीही पाहिला. ५८१६. मग त्यांनी ती डोळ्याला लावली आणि खिडकीबाहेर पाहिलं.

मी त्यांच्या शेजारी होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. आधी त्यावर लहान मुलाचा आनंद आला. मग तो आनंद जागच्या जागी थांबला. त्यांनी दुर्बीण खाली घेतली, पर्नेलकडे पाहिलं, आणि मला समजलं. काच आरशासारखी स्वच्छ होती.

खरं सांगते, मी मनात म्हणत होते, घ्या काका. घ्या, थँक यू म्हणा, गाडीत बसा, आणि मग उद्या फोन करून काय सांगायचं ते सांगा. अठरा वर्षं! तो स्वतःहून देतोय!

काकांनी दुर्बीण परत जॅमच्या बरण्यांत ठेवली. "मिस्टर पर्नेल," ते म्हणाले, "जरा इथे उजेडात बसता का?" खिशातून छोटा टॉर्च काढला, म्हाताऱ्याची हनुवटी दोन बोटांनी उचलली. आधी उजवा, मग डावा. खूप वेळ.

"दुर्बिणीला काही झालेलं नाही," ते शेवटी म्हणाले. "धुरकटपणा तुमच्या डोळ्यांत आहे. मोतीबिंदू, दोन्हीकडे. छान पिकलेत."

"म्हणजे वयच ना?"

"वयच. आणि एकेका डोळ्याला साधारण वीस मिनिटांचं काम."

पर्नेल टोपी काढून डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "मला वाटलं, जगच मळलंय."

परतताना मला राहवलं नाही. "काका, आधी घ्यायची, मग सांगायचं. दोन मिनिटांचा फरक होता!"

"आधी घेतली असती आणि मग सांगितलं असतं, तर तो म्हणाला असता, दिलेली वस्तू परत कशी मागू, ठेवा. तो तसा माणूस आहे." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि मी ठेवली असती. मी तसा माणूस आहे." एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत बसले. ससाणासुद्धा दिसला नाही त्यांना त्या दिवशी.

ऑपरेशन त्यांनी स्वतः केलं नाही. "माझा स्वार्थ गुंतलाय यात, माझा हात कापेल," म्हणून एका सहकाऱ्याकडे पाठवलं. पत्र मात्र असं लिहिलं, की त्या सहकाऱ्याने फोन करून विचारलं, हा पेशंट तुमचा कोण? काका म्हणाले, "व्याही." आता आली वाट बघण्याची पाळी. हिवाळाभर काका फोनच्या आसपास घिरट्या घालत. काकूंनी एकदा विचारलं, "नवस बोलू का हो?"

"कशासाठी? त्याला दिसावं म्हणून, की त्याने दुर्बीण द्यावी म्हणून?"

"दोन्हीसाठी."

"दोन्ही एकदम होणार नाही उषा. त्याला दिसायला लागलं की तो ती कशाला देईल? मी तरी दिली असती का?"

मार्च महिन्यात पर्नेलचा फोन आला. मी तिथेच होते. काकांनी स्पीकर लावला. म्हातारा ओरडूनच बोलत होता. दोन्ही डोळे झाले होते. टिटवीच्या डोक्यावरचा तुरा दिसतोय, पाठीवरचा हिरवा रंग दिसतोय, काल बांधावर एकशे चार मोजल्या. मग आवाज खाली आला. "डॉक्टर, एक अवघड गोष्ट सांगायची आहे. ती मला देववत नाही हो आता. आय ॲम सॉरी."

काका म्हणाले, "एकशे चार? पुन्हा मोजा. उजवीकडच्या सुटल्या असतील." फोन ठेवला आणि वरच्या खोलीत गेले. त्यांना वाईट वाटलं, खूप वाटलं, ते मी लपवणार नाही. पण तिसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी मला फोन केला. आवाजात नुसता उत्साह. "शुभदा, शनिवारी मोकळी आहेस ना? त्याला विचारलंय मी. पाच मिनिटांसाठी देतो म्हणाला. आपण वऱ्हाड घेऊन जाऊ!"

रायफल अशी घेऊन जाणं नियमात बसतं का, हे त्यांनी त्या एन्क्वायरी ऑफिसरला फोन करून विचारलं. त्यांनी काय काय पाळायचं ते सांगितलं, आणि शेवटी, जुळलं की मला कळवा, असंही म्हणाले. काकूंनी बुंदीचे लाडू केले. लग्नघरी रिकाम्या हाताने जायचं नाही, हे त्यांचं म्हणणं. गाडीत काकांच्या मांडीवर लांब पेटी, काकूंच्या मांडीवर लाडवांचा डबा, आणि मी पुढे एकटी ड्रायव्हर.

पर्नेलने टेबलावरचं मेणकापड पुसून ठेवलं होतं. टायसुद्धा घातला होता. काकांनी पेटी उघडली, घोडनवऱ्याला टेबलावर ठेवलं, हातमोजे चढवले. पर्नेलने खिडकीतली दुर्बीण दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या हाती दिली. काकांनी तिचे पाय बैठकीच्या खाचेत टेकवले, किंचित फिरवली, आणि मागची कळ दाबली. मी दिवसभर असले सांधे मोजते. इतका नेमका बसलेला सांधा मी कारखान्यात पाहिला नाही. कुठे फट नव्हती, कुठे हालचाल नव्हती. साठ वर्षांनंतर एक बारीकसा टक् आवाज आला.

"शुभमंगल सावधान!" काकू एकदम म्हणाल्या आणि मुठीतल्या अक्षता उधळणार तोच काकांनी दोन्ही हात दुर्बिणीवर धरले. "तांदूळ नको! ओरखडा पडेल!" अक्षता पर्नेलच्या टायवर पडल्या. काका बैठकीवरून, दुर्बिणीवरून अंगठा फिरवत राहिले. ५८१६ आणि ५८१६. त्यांचे डोळे भरून आले होते. डोळे पुसायला रुमाल सापडेना, म्हणून ते पिवळं फडकं काढलं.

पर्नेल म्हणाला, "आता बघा ना हिच्यातून. गो ऑन."

"अशी नाही," काका म्हणाले. घड्याळाकडे पाहिलं. पाच मिनिटं अजून झाली नव्हती. तरी त्यांनी स्वतःच कळ दाबली, दुर्बीण उतरवली, आणि रायफल पेटीत ठेवून कुलूप लावलं. मग दुर्बिणीच्या दोन्ही काचा बाटली-फडक्याने साग्रसंगीत पुसून त्यांनी ती पर्नेलच्या हातात ठेवली. "घ्या," ते म्हणाले. "माहेरीच बरी आहे ती."

पुढच्या महिन्यात मी पुण्याला परतले. त्यानंतर काकांशी फोनवर पुष्कळ बोलले, पण प्रत्यक्ष पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं. काकू आणि मी गाडीशी येऊन उभ्या राहिलो होतो आणि काका काही येईनात. मी हाक मारायला मागे गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन म्हातारी डोकी एकमेकांना चिकटलेली होती. बाहेर शेतावर टिटव्या हवेत कोलांट्या मारत होत्या. दुर्बीण काकांच्या डोळ्याला होती, आणि पर्नेल त्यांची बाही ओढत म्हणत होता, "माय टर्न, डॉक्टर, माय टर्न." काकांनी दुर्बीण न काढता त्याला कोपराने मागे सारलं. "थांबा हो," ते चक्क मराठीत म्हणाले, "एकशे अकरावर आहे मी."